भाऊजींनी बांधलेलं गार खुराडं

आमच्या भाऊजींना कारखान्यात सगळे थंडोबा म्हणायचे. एक तर उभा जन्म बर्फाच्या कारखान्यात गेलेला, आणि दुसरं म्हणजे माणूसच तसा. घराला आग लागली तरी हे आधी चपला शोधतील, असं ताई म्हणायची. ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण, त्यांची बायको. मी धाकटी, म्हणजे मेहुणी. मेहुणीला भाऊजींची टर उडवायचा परवाना असतो आणि तो मी कधी वाया जाऊ दिलेला नाही. पण ही गोष्ट सांगताना टर उडवणं जमेलच असं नाही. जमेल तिथे उडवीन.

आमची घरं पाठीला पाठ लावून आहेत. मधे कमरेएवढी भिंत, तिच्या पलीकडे ताईचं परसदार. गल्लीच्या कोपऱ्यावर माझं शिवणाचं दुकान, शाळेचे गणवेश शिवते मी. त्यामुळे सकाळी डोळे उघडल्यापासून ताईचा आवाज कानावर पडायचाच, मला ऐकायचा असो वा नसो. तिच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की थांबायचं नाव नाही. नळ ठिबकतोय, दार सताड उघडं टाकलंय, ओला टॉवेल तसाच खाटेवर, आणि हे काय, डबा पुन्हा अर्धा परत आणलात? भाऊजी 'हं' म्हणायचे. त्या एका 'हं'वर त्यांनी अख्खा संसार केला. "बाई, जरा तोंडाला विश्रांती दे," असं तिला आईने ऐकवलं, सासूने ऐकवलं, शेजाऱ्यांनी ऐकवलं. तिच्यावर ढिम्म परिणाम नाही.

भाऊजी कारखान्यात लागले ते मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा, हमालीला. पुढे लाद्या काढायचं काम त्यांच्या हाती आलं. पाण्याने भरलेले लांबोडके पत्र्याचे डबे खारट पाण्याच्या हौदात सोडायचे, गोठले की साखळीच्या कप्पीने वर ओढायचे, घटकाभर साध्या पाण्यात बुडवून सैल करायचे, आणि आडवे पाडले की आतली लादी सरकत बाहेर. खरं काम तिथून पुढे. लादी लाकडाच्या भुशात लोळवायची, गोणपाटात गुंडाळायची, वर पुन्हा भुसा दाबून भरायचा. कुठे बोटभर फट राहता कामा नये. "वारा लागला की लादी गेली," हे त्यांचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. त्यांनी बांधलेली लादी लांबच्या गावी पोचली तरी तिचे कोपरे शाबूत असायचे, असं त्यांचे मुकादम लोकांना सांगायचे. आयुष्यात भाऊजींच्या वाट्याला आलेली ती एकच शाबासकी असावी.

तीच सवय घरात. प्रत्येक भांड्यावर झाकण, झाकणावर काहीतरी जड. खिडकी उघडी दिसली की हात आपोआप तिच्याकडे. लग्न नवीन असताना एकदा ताईला ताप भरला, तर यांनी तिला दोन गोधड्यांत आवळून गुंडाळलं, खिडक्या लावल्या आणि दाराच्या फटीत फडकी कोंबली. डॉक्टर आले, बघितलं आणि म्हणाले, "अहो, हा पेशंट आहे की पार्सल?" ताई हे सांगून सांगून हसायची. भाऊजीही हसायचे. आपलं नेमकं काय चुकलं होतं ते मात्र त्यांना कधीच उमगलं नसणार.

बर्फाचा धंदा उन्हाळ्याचा. जग सावली शोधत असतं तेव्हा यांना मान वर करायला सवड नाही. त्या दिवसांत सुट्टी मागणं म्हणजे नोकरी सोडतो म्हणण्यासारखंच. नेमकी मुलगी जन्मली ती ऐन उन्हाळ्यात. दवाखान्यात ताईजवळ मी, आणि बाप तिकडे लाद्या काढतोय. संध्याकाळी आले ते अंगभर भुसा घेऊन. लेकीला हातात घेतलं, तर त्या गारठलेल्या बोटांनी पोर अशी किंचाळली की यांनी घाबरून लगेच परत दिली. पुढे तिची आजारपणं, तिचे निकाल, तिचं लग्न, जे काही आलं ते उन्हाळ्यातच आलं. लग्नात हे कारखान्यातून थेट उगवले आणि जेवणं उरकायच्या आत परत गेले. "माझ्या संसारातले सगळे उन्हाळे मी एकटीने काढलेत," असं ताई म्हणायची. ते खोटं नव्हतं. भाऊजी त्यावरही 'हं' म्हणायचे, पण तेवढ्या वेळी मान खाली असायची.

मुलगी सासरी गेली आणि ताईला घर खायला उठलं. तेव्हा तिने कोंबड्या पाळल्या. परसात पेरूच्या झाडाखाली खुराडं उभं केलं. दोन बाजूंना फळ्या, दोन बाजूंना जाळी, वर पत्रा, पत्र्यावर वाळलेलं गवत. डझनभर कोंबड्या असतील. त्यात एक मास्तरीण होती, एक पाय उचलून सगळ्यांकडे असं बघायची की गृहपाठ तपासतेय. एक नकटी, चोचीचं टोक मोडलेली. आणि कोंबड्याचं नाव हवालदार, कारण तो भलत्या वेळी आरोळ्या ठोकायचा आणि काही घडलं की पहिला पळायचा. ताई त्यांच्याशीही त्याच पट्ट्याने बोलायची. फरक एवढाच की कोंबड्या उलट उत्तर द्यायच्या.

भाऊजी निवृत्त झाले आणि पहिल्यांदाच उन्हाळ्यात घरी बसले. आणि घरी बसता येतं कुणाला? दारापर्यंत जायचे, परत यायचे. हात मांडीवर ठेवून त्या हातांकडेच बघत बसायचे. ताई केर काढायला आली की पाय वर, गेली की खाली. "घरात कपाट वाढलंय एक," ताई मला भिंतीवरून म्हणाली. मी खूप हसले. आत भाऊजींना ऐकू गेलं असेल.

त्याच उन्हाळ्यात लेकीचे दिवस भरत आले. ती लांब राहते, आणि डॉक्टरांनी प्रवास करायचा नाही असं बजावलेलं. ताईनेच जायला हवं होतं. पण ताईचा पाय निघेना. कोंबड्यांचं कोण बघणार? मी दिवसभर दुकानात, आणि मला कोंबडीतलं कळतं ते ती ताटात आल्यावर. तिने बॅग भरली, रिकामी केली, पुन्हा भरली. तेव्हा भाऊजी म्हणाले, "तू जा. मी आहे ना."

ताईने माझ्याकडे बघितलं, मी ताईकडे. मी आहे ना! अख्ख्या संसारात हे शब्द त्या तोंडातून बाहेर पडल्याचं आम्हा दोघींनाही आठवत नव्हतं. जाण्याआधी तिने त्यांना परसात उभं केलं आणि घोकून घेतलं. दाणे घालायचे ते उजाडताना आणि ऊन उतरल्यावर. भर दुपारी नाही, पोटातला दाणा उष्णता करतो. पाण्याची मातीची भांडी सावलीत, आणि पाणी तापलं की बदलायचं. झाडाखालची माती भिजवून ठेवायची, त्या आपल्या उकरून बसतात. खुराड्याचं दार दिवसा उघडं. "एवढंच करायचं," ती म्हणाली. "जास्त डोकं चालवायचं नाही. बाकी त्यांचं त्या बघून घेतात."

"परत येशील तेव्हा मोजून घे," भाऊजी म्हणाले. "एक कमी भरली तर विचार."

मी तिथेच होते. बोलण्यात गंमत होती, पण चेहरा गमतीचा नव्हता. आयुष्यभर जिथे असायला हवं तिथे हा माणूस नव्हता. आता एकदा तरी असून दाखवायचं होतं. ताई परत येईल तेव्हा तिच्या सगळ्या कोंबड्या जशाच्या तशा तिच्या पायात घुटमळल्या पाहिजेत, एवढंच त्यांना हवं होतं. फार काही मागणं नव्हतं ते.

आणि सुरुवातीला त्यांनी केलंही छान, नाव ठेवायला जागा नाही. उजाडलं की परसात. पाणी बदलायचे, माती भिजवायचे, टरबुजाच्या साली आणून बारीक चिरून घालायचे. मी भिंतीवरून म्हणायचे, "भाऊजी, लेकीला कधी असं भरवलं नाहीत." ते म्हणायचे, "तेव्हा उन्हाळा होता."

रोज संध्याकाळी ताईचा फोन यायचा. हे परसात येरझाऱ्या घालत बोलायचे. मास्तरणीने आज नकटीला हाकललं. हवालदार भिंतीवर चढला आणि उतरताच येईना. एक तलंग, म्हणजे नुकती वयात आलेली कोंबडी, पहिलं अंडं घालून इतकी ओरडली की बाजूच्या बाईंनी डोकावून बघितलं. मी घरातलं शिवणयंत्र थांबवून ऐकायचे. हा माणूस बोलतो? 'हं'च्या पुढे याला इतके शब्द येतात? फोनमधलं ताईचं खळखळून हसणं भिंतीपलीकडे माझ्यापर्यंत पोचायचं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर त्या दोघांच्या गप्पा सुरू झाल्या होत्या, त्याही कोंबड्यांवरून. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मग उन्हाचा कडाका वाढला. तसा कडाका मी कधी बघितला नव्हता. नळाचं पाणी चटके द्यायचं. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटायचं. दुकानाच्या शटरला हात लावायची सोय नव्हती, फडकं घेऊन उघडायचे मी. बातम्यांत रोज सांगायचे, अजून वाढणार आहे. झाडावरची पाखरंही गप्प झालेली.

एके दुपारी नकटी चोच उघडी टाकून धापा टाकायला लागली. पंख अंगापासून लांब धरलेले, मान पुढे. भाऊजी माझ्या दुकानात धावत आले. धावत! मी त्यांना धावताना पहिल्यांदा बघितलं. मी काय सांगणार, म्हटलं ताईला विचारा. ते म्हणाले, "नको, तिचा तिकडे आधीच जीव टांगणीला लागलाय." आणि तडक कारखान्यात जाऊन बर्फ घेऊन आले. फोडून तुकडे पाण्याच्या भांड्यात टाकले. कोंबड्या गोळा झाल्या, प्यायल्या, नकटी तासाभरात उठून फिरायला लागली. भाऊजींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. उन्हाळ्याशी लढायचं हत्यार आपल्याकडे आहे, हे त्यांना तेव्हा आठवलं असावं.

बस्स, तिथून ते थांबलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी फळ्या आल्या, गोणपाट आलं, भुशाची पोती आली. खुराड्याच्या जाळीवर त्यांनी आतून-बाहेरून फळ्या ठोकल्या आणि मधल्या पोकळीत भुसा दाबून भरला. पत्र्यावर भुसा, त्यावर ओलं गोणपाट. दाराला कडेने चिंध्या लावल्या, माझ्याच दुकानातल्या. आत एका कोपऱ्यात ताटलीवर अर्धी लादी. हातोड्याची ठकठक दिवसभर चालू होती, आणि घामाने निथळलेला तो माणूस शीळ घालत होता.

"भाऊजी, आत कोंबड्या ठेवणार की लाद्या?" मी विचारलं.

"हात घालून बघ," ते म्हणाले.

मी दारातून हात घातला. आणि खरंच सांगते, बाहेर भट्टी पेटलेली असताना आत फ्रीज उघडल्यासारखं गार. कोंबड्या शहाण्यासारख्या बसलेल्या. मी म्हटलं, "मलाही घ्या आत." भाऊजी इतके खूश झाले की त्यांनी मला स्वतःच्या हाताने चहा करून दिला. चहा भयंकर झाला होता. मी प्यायले.

त्या संध्याकाळी ताईचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. त्यांनी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. कुठली फळी कुठे ठोकली, भुसा किती दाबला, आत कसं गार आहे. "तुझ्या कोंबड्या राणीसारख्या आहेत," म्हणाले. "अगं, वाराच लागू देत नाही मी आत! फट म्हणून ठेवली नाही." बोलताना हात असे हलवत होते की ताई समोर उभी आहे. फोन ठेवल्यावर मी विचारलं, "काय म्हणाली?" ते म्हणाले, "काही नाही. बरं केलंत म्हणाली." आणि स्वतःशीच हसले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच पुन्हा फोन. लेकीला कळा सुरू झाल्या होत्या, दवाखान्यात निघालो, एवढंच सांगून ताईने ठेवला. भाऊजींचं कशात लक्ष लागेना. लादी सकाळपर्यंत वितळून गेली होती, आत पाणीच पाणी झालेलं. ऊन सकाळपासूनच भाजत होतं. त्यांनी कोंबड्यांना दाणे घातले, बाहेर सोडल्याच नाहीत, दार लावून घेतलं. आतला गारवा नवी लादी येईपर्यंत टिकेल, असा त्यांचा हिशोब. बंद पेटीतला गारवा टिकतोच. त्यांनी उभा जन्म तेच बघितलं होतं.

कारखान्यात गेले तर तिथे हीऽ गर्दी. वीज जाऊन येऊन होती, लाद्या धड जमत नव्हत्या. जमतील त्या आधी दवाखान्यांना चालल्या होत्या आणि लोक आरडाओरडा करत होते. लाद्या काढणारा एक जण चक्कर येऊन पडलेला. मुकादमांनी यांना बघितलं आणि हाक मारली, "थंडोबा! देवासारखा आलास. हात लाव." आता जुना माणूस, जुना मुकादम, आणि समोर दवाखान्याची गाडी उभी. नाही कसं म्हणणार? यांनी कप्पीची साखळी हातात घेतली. घटकाभराचं काम म्हणून घेतली, आणि दुपार कधी कलली ते त्यांना कळलंच नाही. एकदा काम हातात आलं की त्यांचं भान जायचं, ते काही नवीन नव्हतं.

मी दुकानात होते. फोन वाजला, उचलला, तर नुसता श्वास ऐकू आला. मग भाऊजी म्हणाले, "ये गं जरा." मला वाटलं लेकीचं काही झालं. तशीच निघाले, दुकान उघडं टाकून.

परसात गेले तर खुराड्याचं दार उघडं होतं आणि त्यातून वाफ अंगावर येत होती, भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढल्यावर येते तशी. भाऊजी गुडघ्यावर बसून एकेकीला बाहेर काढून पेरूखाली ठेवत होते. मास्तरीण, हवालदार, ती ओरडकी तलंग. सगळ्या चोची उघड्या. कुणाच्याही अंगावर जखम नव्हती. मी आधी ओरडले, "अहो, पाणी मारा!" मग जवळ जाऊन बघितलं. पाणी मारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दोघी तेवढ्या जिवंत होत्या, नकटी आणि एक तांबडी. दाराच्या खालच्या अंगाला चिंधी निसटून बोटभर फट राहिली होती, तिला चोची लावून त्या दोघी पडल्या होत्या. मी त्यांना उचलून सावलीत नेलं, पाय ओले केले, चोचीशी थेंब थेंब पाणी लावलं. भाऊजी त्या फटीकडे बघत राहिले. कुणी सांगायची गरज नव्हती. ज्या फटीला ते जन्मभर शत्रू मानत आले, तिच्याशी होत्या त्या वाचल्या.

"लादी श्वास घेत नाही गं," ते म्हणाले. "माझ्या डोक्यातच आलं नाही. लादी श्वास घेत नाही."

आणलेली लादी हातगाडीवर तशीच भर उन्हात पडून होती. तिच्यावर गोणपाट टाकायचंही त्यांना सुचलं नाही. सगळी गल्लीभर वाहून गेली. मी त्यांना आयुष्यात खूप टोमणे मारलेत, पण त्या दुपारी नाही. मला रडू आलं. कोंबड्यांसाठी आलं की त्यांच्यासाठी, ते विचारू नका.

संध्याकाळी ताईचा फोन. नात झाली! आई-बाळ सुखरूप. भाऊजी "छान, छान" म्हणाले आणि भिंतीला टेकले. मग तिने कोंबड्यांचं विचारलं. हे म्हणाले, "बऱ्या आहेत." मी डोळे वटारले. त्यांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "आज नको. आज तिला आजी होऊ दे." पुढे रोज तेच, बऱ्या आहेत, मजेत आहेत. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? मी दोनदा म्हटलं, चला, बाजारातून तशाच आणू. त्यांनी मान हलवली. "ती एकेकीला चालीवरून ओळखते. आणि ओळखलं नाही तरी मला माहीत असेलच ना." पेरूखाली खड्डा त्यांनी स्वतःच खणला. सगळ्या फळ्या उपटून काढल्या, भुसा ओढून फेकला. त्या दोन कोंबड्यांसाठी चारी बाजूंनी नुसती जाळी ठेवली, आणि रोज दुपारभर खुर्ची टाकून तिथे बसायचे. काही करायचे नाहीत, नुसते बसायचे.

ताई परतली तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. रिक्षातून उतरली, बॅग दारात टाकली आणि थेट परसात. मी भिंतीपाशी होते. भाऊजी मुकादमापुढे उभं राहावं तसे उभे. तिने दोन कोंबड्या बघितल्या, झाडाखालची उकरलेली माती बघितली.

"बाकीच्या?"

त्यांनी सांगितलं. काही लपवलं नाही, काही सावरून घेतलं नाही. ऊन फार होतं म्हणून, वीज गेली म्हणून, मुकादमांनी थांबवलं म्हणून, असा एकही 'म्हणून' काढला नाही. "मी कोंडून मारल्या," म्हणाले. मी मनाची तयारी केली. आता पट्टा सुटणार, अख्खी गल्ली ऐकणार. आणि ऐकू दे, सुटायलाच हवा होता.

ताई खाली बसली. नकटीला मांडीवर घेतलं, पाठीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?" मीच विचारलं.

"फोनवर हे म्हणाले ना, वाराच लागू देत नाही म्हणून. तेव्हाच मी ओळखलं. कोंबडी कोंडली की आतल्या आत शिजते. तोंडाशी आलं होतं गं माझ्या, फट ठेवा म्हणून. पण हे इतक्या हौसेनं सांगत होते. जन्मात पहिल्यांदा हा माणूस मला काहीतरी करून दाखवत होता, आणि मी पुन्हा खोट काढू? म्हटलं आज राहू दे. उद्या सांगेन, जरा गोड शब्दांत." तिने डोळे पुसले. "उद्याला पोरीच्या कळा सुरू झाल्या."

जरा गप्प बसत जा म्हणून ज्या बाईला जन्मभर सगळ्यांनी ऐकवलं, ती एकदाच गप्प बसली होती.

भाऊजी तिच्याशेजारी जमिनीवर बसले. "बोलायचंस गं," म्हणाले. रागाने नाही, विनवल्यासारखं. "एवढं बोललीस जन्मभर. ते एक बोलायचंस."

ताईने मान हलवली आणि ती रडली. त्यांनी हात पुढे केला, तिच्या खांद्यापाशी नेला, पण ठेवावा की नाही ते त्यांना कळेना. शेवटी ठेवला. मी घरात निघून गेले. मेहुणी असले म्हणून काय झालं, सगळंच बघायचं नसतं.

या गोष्टीला आता बरेच उन्हाळे झाले. ताईने कोंबड्या वाढवल्या नाहीत. हौस गेली म्हणते. तिचं तोंड मात्र पूर्वीपेक्षा दुप्पट चालतं. चहात साखर जास्त पडली, शर्टाचं बटण वरखाली लागलंय, छत्री न घेता निघालात, पिशवी त्या हातात नको या हातात. सुनाही हसतात गल्लीतल्या. म्हातारीने म्हाताऱ्याला पार धारेवर धरलंय, म्हणतात. म्हणोत बापड्या. मी भिंतीवरून बघत असते ना. भाऊजी आता 'हं' म्हणत नाहीत. हातातलं खाली ठेवतात, तिच्याकडे तोंड करून ऐकतात, आणि ती थांबली की विचारतात, "आणखी काही राहिलं का सांगायचं?" ती "नाही, एवढंच," म्हणेपर्यंत ते जागचे हलत नाहीत.